रत्नागिरीची शालेय छात्रसेना : पावसाळा ते पावसाळा

राष्ट्रीय छात्रसेनेची (एनसीसी) सुरुवात १५ जुलै १९४८ ची. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये समिती नेमली गेली, तिने मार्च १९४७ मध्ये अहवाल दिला आणि एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला. त्याआधीही विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण मिळत होते. १९१७ पासून विद्यापीठांतून ‘युनिव्हर्सिटी कोअर’ होती, १९२० मध्ये तिची ‘यूटीसी’ (युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर) झाली आणि दुसऱ्या महायुद्धात ‘यूओटीसी’ (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर). पण तो सारा मामला महाविद्यालयांपुरता. कुंझरू समितीने शाळकरी मुलांसाठी वेगळा कनिष्ठ विभाग सुचवला आणि मुलींचाही विचार केला, हे तिचे मोठे काम. आठवी-नववीतल्या मुलाने गणवेश चढवून मैदानात उभे राहावे, ही कल्पना आपल्या शाळांपर्यंत आली ती त्या अहवालामुळे.

पुढचे टप्पे भराभर पडले. जुलै १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १ एप्रिल १९५० रोजी हवाई शाखा आणि जुलै १९५२ मध्ये नौदल शाखा. रत्नागिरीच्या दृष्टीने यातली शेवटची तारीख महत्त्वाची, कारण आपल्याकडच्या छात्रसेनेचा खरा रंग नौदलाचा आहे. २ महाराष्ट्र नेव्हल युनिट हे रत्नागिरीचे युनिट. त्याच्या वर कोल्हापूरचे ग्रुप मुख्यालय आणि त्याच्याही वर मुंबईचे महाराष्ट्र संचालनालय. या युनिटने इतक्या वर्षांत परेड घेतल्या, कॅम्प भरवले, परीक्षा घेतल्या. ते सगळीकडेच होते. पण रत्नागिरीच्या मुलांना त्याने पाण्यावर नेले, हे त्याचे सर्वांत मोठे देणे आहे, आणि या लेखात मला मुख्यतः तेच नोंदवायचे आहे.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. तीन बाजूंनी पाण्यात शिरलेल्या रत्नदुर्गाच्या गावातल्या मुलांना पाण्यावर न्यावे लागते? लागते. मिरकरवाड्यातली, राजिवड्यातली, भाट्याची मुले समुद्रातच वाढतात, त्यांची गोष्ट निराळी. पण शहरातल्या वर्गांत बसणारी कितीतरी मुले आतल्या वाड्या-वस्त्यांतून येतात. आंबा, काजू, भातशेती आणि मुंबईची मनीऑर्डर यांवर त्यांची घरे चाललेली. समुद्र त्यांनी मांडवीच्या जेटीवरून पाहिलेला, पण होडीत पाय ठेवलेला नसतो. पूर्वी मुंबईला जायचे तर बोटीनेच जावे लागे, त्यामुळे डोंगरातल्या माणसाचाही समुद्राशी संबंध येई. बोटी बंद झाल्या, एसटी आणि महामार्ग आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरीकराने समुद्राकडे पाठ फिरवली. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात आणि पुढे मुंबईच्या इंग्रजी नौदलात ज्या किनाऱ्याने खलाशी पुरवले, त्या किनाऱ्यावरच्या शाळेतल्या मुलाला वल्हे कसे धरायचे हे छात्रसेनेने पुन्हा शिकवले.

वर्षाचा क्रमही इथे समुद्रच ठरवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मचवे किनाऱ्यावर शाकारलेले, आणि नेमक्या याच काळात शाळा उघडून नवी भरती होते. देशावरच्या शाळांत भरती मोकळ्या मैदानावर होत असेल. आपल्याकडे ती व्हरांड्यात होते. उंची मोजायची, छाती मोजायची, धावायला लावायचे ते पावसाची सर थांबल्यावर. कनिष्ठ विभागाचे प्रशिक्षण दोन वर्षांचे, त्यामुळे मुले प्रामुख्याने आठवी-नववीतली. जागा थोड्या आणि हौशी मुले जास्त, हे चित्र दरवर्षीचे. निवड न झालेले पोर परेडच्या दिवशी भिंतीपाशी उभे राहून कवायत बघते आणि पुढच्या तुकडीबरोबर घरी पाय आपटत ‘कदम ताल’ करीत जाते, हेही दरवर्षीचेच.

तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात पहिले तीन महिने मैदान मिळत नाही. ही अडचण खरी, पण तिचा उपयोगही करून घेतला गेला. नौदल शाखेचा जो अभ्यास बसून करता येतो तो सगळा पावसात होतो. जहाजाचे भाग, नौदलातली पदे, होकायंत्र, भरती-ओहोटी, दिव्यांचे आणि झेंड्यांचे संकेत. सेमाफोरचे दोन झेंडे घेऊन सभागृहाच्या या टोकाला एक मुलगा आणि त्या टोकाला एक मुलगी उभी राहते, आणि एक अक्षरही न बोलता निरोप जातो. दोन हातांच्या कोनांतून पूर्ण वर्णमाला उभी करायची असते. कोपर जरा वाकले की अक्षर बदलते, म्हणून हात ताठ ठेवण्याची सवय ड्रिलच्या आधी सेमाफोरनेच लागते, असे माझे निरीक्षण आहे.

गाठींचा तासही पावसातलाच. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, फिगर ऑफ एट. प्रत्येकाच्या हातात सुंभाचा किंवा नायलॉनचा हातभर तुकडा. या तासाला वर्गातला क्रम उलटा होतो. गणितात मागे असलेला मच्छीमाराचा मुलगा डोळे मिटून बोलाइन बांधून दाखवतो आणि पहिल्या नंबरची मुलगी त्याच्याकडून शिकते. प्रशिक्षक दाखवतो ती पद्धत आणि त्या मुलाने बापाकडून घेतलेली पद्धत यांत थोडा फरक असतो. गाठ मात्र तीच पडते. शाळेत एरवी गप्प असणाऱ्या मुलांना छात्रसेनेने जो मान दिला, त्याची सुरुवात बहुधा या दोरीच्या तुकड्यापासून झाली आहे.

पहिली मोठी कसोटी १५ ऑगस्टची. पाऊस असतोच. गणवेश पांढरा आणि माती तांबडी, या दोघांचे वैर रत्नागिरीत नौदलाचा कॅडेट झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जांभ्याच्या मैदानावर ‘थम’ झाल्यावर पाय आपटला की चिखलाचा शिंतोडा पुढच्याच्या पॅन्टवर. तो डाग साध्या धुण्याने जात नाही. आदल्या रात्री घराघरांत नीळ घालून कपडे पिळायचे, चुलीवर किंवा इस्त्रीखाली वाळवायचे, बेल्टच्या बकलाला ब्रासो लावायचे, बूट चमकवायचे. या तयारीत आयांचा वाटा मोठा आहे आणि तो आजवर कोणत्याही अहवालात आलेला नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवतो. कित्येक घरांत पहिल्या वर्षी आई कपडे धुते, दुसऱ्या वर्षी कॅडेट स्वतः धुतो. हा बदल घडवणारी व्यक्ती म्हणजे पीआय स्टाफ. नौदलातून आलेला हा प्रशिक्षक परेडला रांगेतून चालत जातो, काही न बोलता एखाद्याच्या कॉलरकडे बघतो आणि पुढे सरकतो. पुढच्या आठवड्यात ती कॉलर स्वच्छ असते.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, मग गणपतीत निम्मी शाळा गावी जाते, आणि परत आल्यावर खऱ्या अर्थाने छात्रसेनेचे वर्ष सुरू होते. पाऊस ओसरतो, मैदान वाळते, पाणी निवळते. भगवती बंदरावर होड्या उतरतात.

होडी म्हणजे व्हेलर. २७ फूट लांब, जड, पाच वल्ह्यांची. एका बाजूला तीन वल्ही, दुसऱ्या बाजूला दोन. सुकाणूवर कॉक्सवेन. विषम वल्ही असूनही होडी सरळ जायला हवी, आणि ती जाते ती सर्वांनी एकाच ठेक्यात ओढले तरच. नव्या मुलांची पहिली काही मिनिटे वल्हे पाण्यात खोल रुतवण्यात आणि पुढच्याच्या पाठीवर आपटण्यात जातात. कॉक्सवेन ओरडतो, ‘गिव्ह वे टुगेदर’, आणि पाचही वल्ही पाच वेळांना पडतात. होडी जागच्या जागी डुलते. मग ‘स्ट्रोक’वर, म्हणजे ठेका देणाऱ्या वल्ह्यावर, बसलेल्याच्या पाठीकडे बघायला सांगितले जाते. स्वतःच्या वल्ह्याकडे बघायचे नाही, पाण्याकडे बघायचे नाही. पुढच्याची पाठ वाकली की आपण वाकायचे. थोड्या वेळाने कधीतरी पाचही पाती एकदम पाण्यात शिरतात, होडीखालून सळसळ ऐकू येते आणि किनारा मागे जायला लागतो. हाताला फोड आलेले असतात, खारे पाणी त्यांत झोंबते, तरी उतरायला कोणी तयार नसते. मैदानावर महिनोन्‌महिने सांगून जी एकजूट समजत नाही, ती व्हेलरमध्ये एका सकाळी समजते, असे या कामात आयुष्य घालवलेले शिक्षक सांगतात आणि मला ते पूर्ण पटते.

पाण्यावरच्या शिस्तीबद्दल इथे कधी तडजोड झालेली नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय नाही, सोबतीला सुरक्षेची बोट असते आणि वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय होडी सुटत नाही. पालक सुरुवातीला घाबरतात, विशेषतः ज्यांनी स्वतः समुद्र लांबूनच पाहिला आहे ते. एकदा बंदरावर येऊन त्यांनी ही व्यवस्था पाहिली की त्यांची भीती निम्मी होते. ज्या शाळांनी पालकांना बंदरावर बोलावले तिथे मुलींची संख्या वाढली, हेही मुद्दाम सांगितले पाहिजे.

युनिटच्या सागरी मोहिमा हा आणखी वरचा टप्पा. शिडाच्या होड्या घेऊन रत्नागिरीहून निघायचे आणि बंदर करीत करीत किनाऱ्याने जायचे. उत्तरेला जयगड, बोऱ्या, दाभोळ अशी ही वाट. त्यात प्रामुख्याने महाविद्यालयातले कॅडेट असतात. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि आज गोगटे-जोगळेकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयातील नौदल शाखा ही शाळेतल्या कॅडेटची पुढची पायरी. पण मोहीम सुटते त्या दिवशी शाळेची पथकेही बंदरावर असतात. शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा किल्ला, वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. आपल्याच गल्लीतला दादा किंवा ताई शीड उभारून तिकडे निघालेली पाहिली की नकाशावरची नावे ओळखीची होतात. या मोहिमांत मुक्कामाच्या गावी पथनाट्य, स्वच्छता, व्यसनमुक्तीचा प्रचार असे कार्यक्रम होतात. ते चांगलेच आहेत. तरी माझ्या मते मोहिमेचे खरे शिक्षण दोन बंदरांच्या मधे, वारा पडल्यावर, वल्ही काढून ओढत राहण्यात आहे.

वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचे. घरापासून दहा दिवस दूर राहण्याची बहुतेकांची ही पहिलीच वेळ. पहाटे पीटी, मग चहा, ड्रिल, वर्ग, दुपारी आपले ताट आपण घासायचे, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. लंगरमध्ये रांगेत उभे राहायचे आणि मिळेल ते खायचे; दोन वेळा भात लागणारी आपली मुले तिथे पोळीला सरावतात. फायरिंगही याच शिबिरात. .२२ रायफल, पडून निशाणा. पहिला धडा मात्र नेमाचा नसतो. रायफल रिकामी असो की भरलेली, तिचे तोंड माणसाकडे वळवायचे नाही, हा पहिला धडा, आणि तो चुकला तर त्या दिवशी गोळी मिळत नाही. मग श्वास, मग ट्रिगर. लक्ष्याच्या मध्यावर गोळी लागण्यापेक्षा सगळ्या गोळ्या जवळ-जवळ लागाव्यात याला गुण असतात. हात स्थिर आहे की नाही हे त्यातून कळते.

शिबिरात मुले ज्या तंबूत किंवा खोलीत राहतात तिथे मिरकरवाड्यातला, लांज्याकडचा, मराठी माध्यमातला, उर्दू शाळेतला असे सगळे एकत्र असतात. ड्रिलचे हुकूम हिंदीत, गाठींची नावे इंग्रजीत, भांडणे मराठीत. दहाव्या दिवशी घरी जाताना रडणारी मुले पहिल्या दिवशी रडणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

सगळ्यांचे लक्ष असते ते दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराकडे आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिराकडे. नौसैनिक शिबिरात बोट पुलिंग, सेमाफोर, जहाजांच्या प्रतिकृती, नेमबाजी, ड्रिल अशा स्पर्धा होतात आणि तिथवर पोचायला अनेक चाळण्यांतून जावे लागते. ज्यांची निवड झाली त्यांचे कौतुक वर्तमानपत्रांतून, फलकांवरून झाले आहे, ते योग्यच. पण संस्थेचा इतिहास लिहिताना मला ज्यांची निवड झाली नाही त्यांचा विचार जास्त करावासा वाटतो. निवड चाचणीत शेवटच्या फेरीत गळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी परेडला येऊन लहानांना ‘दाहिने मुड’ शिकवतो, तेव्हा पथक टिकते.

फेब्रुवारीच्या सुमाराला ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा. त्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि शिबिर केलेले असावे लागते. लेखी आहे, तोंडी आहे, प्रात्यक्षिक आहे. पुढे महाविद्यालयात ‘बी’ आणि ‘सी’. ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला सैन्यदलात अधिकारी होण्यासाठी एनसीसीची खास भरती आहे, तिला लेखी परीक्षा नसते, थेट निवड मंडळापुढे मुलाखत. ही माहिती आपल्या गावात अजून सर्व घरांपर्यंत गेलेली नाही. दहावीच्या वर्षाची धास्ती घेऊन मुलाला मध्येच छात्रसेनेतून काढणाऱ्या पालकांना ती आवर्जून सांगितली पाहिजे.

मागच्या पिढ्यांनी वेगळे दिवस पाहिले. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. शाळांत त्या आधी एसीसी (सहायक छात्रसेना) होती, ती पुढे एनसीसीत मिसळली; सत्तरी ओलांडलेले रत्नागिरीकर अजून एसीसीच म्हणतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात छात्रसेनेकडे दुसरी फळी म्हणून पाहिले गेले आणि देशभरातल्या कॅडेट्सनी नागरी संरक्षणाची कामे केली. सक्तीच्या वर्षांत संख्या खूप वाढली, पण ऐच्छिक छात्रसेनेत जो मुलगा पहाटे स्वतः उठून येतो त्याची सर सक्तीने आलेल्या रांगेला नाही.

अलीकडची मोठी घटना १५ ऑगस्ट २०२० ची. सीमावर्ती आणि किनाऱ्याच्या १७३ जिल्ह्यांत छात्रसेनेचा विस्तार करून एक लाख नवे कॅडेट घ्यायचे आणि त्यांत एकतृतीयांश मुली असाव्यात, अशी घोषणा झाली. किनारी जिल्हा म्हणून आपल्यासाठी ही फार मोलाची गोष्ट. त्याच वर्षी करोनाच्या काळात ‘एनसीसी योगदान’ या नावाने कॅडेट्सनी प्रशासनाला मदत केली. त्यात फक्त वरिष्ठ विभागातल्या, १८ वर्षांवरच्या कॅडेट्सना घेतले गेले, शाळेची मुले घरी राहिली आणि त्यांची परेड मोबाइलच्या पडद्यावर झाली. ते दीड-दोन वर्षांचे नुकसान भरून काढायला शिक्षकांना फार कष्ट पडले. १ डिसेंबर २०२१ पासून ‘पुनीत सागर’ अभियान सुरू झाले. भाट्याचा किनारा, मांडवी, पांढरा समुद्र इथे कॅडेट प्लॅस्टिक गोळा करतात. गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, तुटक्या जाळ्यांचे नायलॉन. नायलॉन वाळूत खोल रुतलेले असते, दोघा-तिघांनी मिळून ओढावे लागते. त्यात आपल्या घरच्या जाळ्याचाही तुकडा असू शकतो हे मच्छीमाराच्या मुलाला कळते, आणि तो घरी जाऊन बोलतो. अभियानाचा सगळ्यांत टिकाऊ परिणाम हाच झाला असे मी मानतो.

हे सारे चालते ते शाळेतल्या एका शिक्षकावर, म्हणजे एएनओवर (असोसिएट एनसीसी ऑफिसर). दिवसभर वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे, आणि त्यावर कॅडेटची नोंदणी, गणवेशाचा हिशेब, नाश्त्याची बिले, शिबिराची संमतिपत्रे, एसटीचे आरक्षण सांभाळायचे. सुट्टीत घरच्यांना सोडून शिबिरात राहायचे. त्यासाठी मिळणारा भत्ता त्या कामाच्या मानाने काहीच नाही. ज्या शाळेत असा शिक्षक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरा तयार झालेला नव्हता, तिथे पथकाची घडी विस्कटायला वेळ लागला नाही. संस्थाचालकांनी हे लक्षात घ्यावे. निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी पुढचा शिक्षक प्रशिक्षणाला पाठवला पाहिजे.

एक विनंती माजी छात्रसैनिकांना. शाळांच्या दप्तरात हजेरीपट आहेत, पण छायाचित्रे फार थोडी आहेत आणि त्यांवर नावे नाहीत. तुमच्या घरी शिबिराचा एखादा गट-फोटो, जुने ‘ए’ प्रमाणपत्र, टोपीची फीत, मोहिमेची वही असेल तर ती आपापल्या शाळेत आणून द्या. फोटोच्या मागे साल, ठिकाण आणि ओळखू येतील तितकी नावे पेन्सिलीने लिहा. आणि भरती जुलैत असते. त्या दिवशी एक सकाळ काढून शाळेत या, उंची मोजायला हात लावा आणि जागा न मिळालेल्या मुलांशी दोन शब्द बोला.